खाडीत सोडून दिलेला जिताडा किती किलोचा असेल? आणि नाशिकहून जाणाऱ्याने भरती कशी बघावी?

अंबडचा गरीवाला यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, सतरा वर्षं झाली. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर असतो. मासे धरायचा नाद वडिलांकडून आला. गंगापूर धरण, दारणा आणि पावसाळा सरल्यावर गोदेचे खालचे डोह, एवढंच आमचं क्षेत्र होतं. समुद्रावर गरवायला लागून आता दोन वर्षं होतील. त्या दोन वर्षांत दोन गोष्टी अडल्या आहेत, त्या विचारतो.

पहिली भरतीची. गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. धरणावर संध्याकाळची वेळ चांगली, म्हणून इथेही तोच हिशोब धरला आणि जेवून बारा वाजता निघालो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर. साडेपाचला किनाऱ्यावर उभा राहिलो तर समोर पाणीच नाही. ओली वाळू, तिच्यापुढे चिखल आणि त्याच्याही पुढे पाण्याची एक करडी रेघ. जाळं खांद्यावर घेऊन एक म्हातारे काका परत येत होते. त्यांनी माझ्या हातातल्या बारा फुटी रॉडकडे बघितलं आणि म्हणाले, "आता कुठे? सात वाजेस्तोवर सुकतंच आहे. पाणी मध्यरात्री." साडेआठपर्यंत थांबलो आणि गरी पाण्यात न टाकता घाट चढलो. पेट्रोल गेलं त्याचं काही नाही, पण महिन्यातून एकच रजा अशी मिळते. इथे जे नाशिकहून जातात ते निघण्याआधी नेमकं काय बघतात? मोबाईलवर चार ॲप घेतली, चौघांच्या वेळा वेगळ्या.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची आहे. मार्गशीर्षात एका खाडीच्या मुखाशी बसलो होतो. जागा लहान आहे म्हणून नाव लिहीत नाही. गरीला जिवंत बोय लावली होती. सात वाजून दहा मिनिटांनी दोर असा ओढला गेला की रीळ हातात गरम झालं. वीस मिनिटं तरी गेली असतील. टॉर्च मारला तेव्हा आधी डोळे दिसले, निखाऱ्यासारखे लाल, मग पितळी अंग. जिताडा. गरी काढताना कल्ल्याच्या झाकणाला तर्जनी लागली आणि ब्लेडने कापावी तशी कापली गेली. मासा तंदुरुस्त होता, पोट भरलेलं होतं, आणि का कोण जाणे, तो घरी न्यावा असं वाटलंच नाही. ओल्या वाळूवर रॉडशेजारी ठेवला, दोन फोटो काढले, पाण्यात नेऊन धरला. अर्ध्या मिनिटात त्याने स्वतःहून शेपटी मारली.

माप असं घेतलं. नाक रॉडच्या बुडाच्या टोपीला टेकवलं. शेपटीचं टोक रीळ बसते त्या पट्टीच्या वरच्या कड्यापासून माझी चार बोटं पुढे आलं. घरी आल्यावर स्टीलच्या टेपने बुडापासून कड्यापर्यंत मोजलं, ७८.४ सेंटिमीटर. चार बोटांची रुंदी व्हर्निअरने घेतली, ७.६. म्हणजे ८६ सेंटिमीटर. अंधार होता, नाक टोपीला अगदी भिडलं होतं का, हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून दोन सेंटिमीटर इकडेतिकडे धरा. घेर घ्यायचा सुचलं नाही. वजनकाटा पिशवीत होता, पण कल्ल्यात हूक अडकवून एवढा मासा टांगायचा धीर झाला नाही.

बरोबर आलेला मित्र म्हणतो बारा किलो. कंपनीतला एक जण फोटो बघून म्हणाला पाचाच्या वर नाही. हे वाद मला नकोत. पण वडील आता चौऱ्याहत्तरचे आहेत, गुडघ्यामुळे त्यांना गाडीत इतका वेळ बसवत नाही. त्या रात्री घरी पोचलो तर जागे होते. त्यांनी एकच विचारलं, "केवढा होता?" मला त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे. बारा सांगितले आणि ते खोटे निघाले तर मला झोप लागणार नाही. लांबीवरून वजन काढायची खात्रीची रीत कुणाला माहीत आहे का?

---

माहेरसातपाटी यांचं उत्तर

भाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. माझं माहेर सातपाटीचं, लग्न होऊन नाशिकरोडला आले त्याला बावीस वर्षं झाली. माझे आजोबा होडीवर होते. शाळेत पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी (पाऊणचा पाढा) पाठ करून घेत असं लोक म्हणतात, आम्हाला पाऊणकी घरी शिकवली, आणि ती भरतीसाठी.

रीत अशी. आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य, मोजणी सारखीच, आणि सकाळी जी वेळ तीच थोड्या फरकाने रात्री. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने, नेमकं सांगायचं तर पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. तुम्ही कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गेलात, म्हणजे प्रतिपदा. भरती पाऊण वाजता, दुपारची आणि रात्रीची. संध्याकाळी सात म्हणजे नेमकी सुकती. त्या काकांनी तुम्हाला घड्याळ न बघता सांगितलं ते असं. आणि तुमचा जिताडा? तुम्ही तिथी लिहिली नाहीत. पण सात-दहाला तो लागला आणि पाणी अजून चढत असेल तर दशमीच्या आसपासचा दिवस होता, कॅलेंडर काढून बघा.

दुसरं म्हणजे नुसती वेळ बघून भागत नाही, पाणी किती हलणार ते बघावं लागतं. पुनवेला आणि अवसेला उधाण. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप लांब जातं. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, तेव्हा ना धड चढतं ना धड उतरतं. आमच्या पालघर-डहाणूच्या बाजूला हा फरक खूप मोठा असतो. मुंबईतसुद्धा उधाणाच्या भरतीचा आकडा पाच मीटरच्या जवळ जातो. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जाल तसा तो कमी होत जातो. म्हणून तिकडचा कुणी म्हणाला की ओहोटीतही गरवतो, तर ते आमच्या किनाऱ्याला लावू नका. आमच्याकडे ओहोटीला समुद्र तुम्हाला सोडून जातो.

नवख्याने भांगाचे दिवस धरावेत असं माझं मत. पाणी संथ असतं, गढूळपणा कमी असतो. उधाणाला मासा फिरतो हे खरं, पण ओढही तेवढीच. सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही, हे लक्षात ठेवा. सगळ्या चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. माणूस पहिल्या तासाला खडकावर जातो, पाणी घोट्याला असतं, त्याला वाटतं येतंय हळूहळू. तिसऱ्या तासाला मागची वाट बुडालेली असते. आमच्या गावाला दर वर्षी देशावरून आलेली पोरं अशी अडकताना मी बघितली आहेत. एकाला आणला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्याची चप्पल पायातच होती. एवढं लिहिते, पुढचं लिहवत नाही. परतीची वाट बघून ठेवल्याशिवाय खडकावर जाऊ नका. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, तो मोबाईलमध्ये ठेवा.

ॲपच्या वेळा वेगळ्या येतात कारण प्रत्येकाने वेगळं बंदर धरलेलं असतं. आणि खाडीच्या मुखाला भरती झाली तरी आत पाणी नंतर पोचतं. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीचं पुस्तक काढतो, त्यातल्या मुंबईच्या वेळा धरून चालणारं एकच ॲप ठेवा आणि तुमच्या खाडीवर किती मिनिटांचा फरक पडतो ते दोन-तीन फेऱ्यांत स्वतः लिहून काढा. तो फरक तुम्हाला कुणी सांगणार नाही, तो जागेचा असतो.

आणि हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो निघायच्या आदल्या रात्री बघायचाच. आकाश निरभ्र असतं, वारा नसतो, तरी लांबच्या वादळाची लाट किनाऱ्यावर येते. नाशिकला खिडकीतून बघून समुद्राचं कळत नाही.

---

कॉलेजरोडची प्राध्यापिका यांचं उत्तर

वजनाचं मी सांगते. प्राणिशास्त्र शिकवते, आणि मत्स्यशास्त्रातला हा भाग मुलांना सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो घरी जाऊन बाजारातल्या माशावर करून बघता येतो.

आधी गाभा. मासा लांब होतो तेव्हा तो उंच आणि जाडही होतो. तिन्ही बाजूंनी वाढतो. म्हणून वजन लांबीच्या घनाबरोबर वाढतं. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट. ४३ सेंटिमीटरचा जिताडा तुमच्या माशाच्या निम्मा वाटेल, पण वजनाने तो आठवा हिस्सा आहे, किलोच्याही आत. डोळ्याचा अंदाज इथे हटकून फसतो, कारण डोळा लांबी बघतो आणि मन त्याच प्रमाणात वजन वाढवतं. तुमचे दोन्ही मित्र एकच चूक दोन दिशांनी करत आहेत.

शास्त्रात याला लांबी-वजन संबंध म्हणतात. वजन म्हणजे अ गुणिले लांबीचा ब वा घात. ब बहुतेक माशांत तीनच्या आसपास असतो, अ माशाच्या ठेवणीवर ठरतो. वाकटीसारख्या पट्टीदार माशाचा अ अगदी लहान, पापलेटसारख्या रुंद माशाचा मोठा. फिशबेस नावाच्या संकेतस्थळावर ३५ हजारांहून जास्त प्रजातींची माहिती आहे. तिथे माशाचं शास्त्रीय नाव टाका, जिताड्याचं लेटस कॅल्कॅरिफर, आणि लांबी-वजनाचं पान उघडा. वेगवेगळ्या देशांत मोजलेले अ आणि ब तिथे मिळतात. एकच संख्या उचलू नका, चार-पाच बघा आणि त्या कोणत्या लांबीवर आधारलेल्या आहेत ते वाचा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी वेगळी आणि शेपटीच्या खाचेपर्यंतची वेगळी. जिताड्याची शेपटी गोल असल्यामुळे त्याला हा त्रास नाही. सुरमई, रावस, बांगडा यांची शेपटी खोल चिरलेली असते, तिथे एक लांबी दुसऱ्याच्या सूत्रात घातली की उत्तर पार बिघडतं.

जिताड्यासाठी मी मुलांना एक सोपा आकडा देते. सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन करा आणि ८५,००० ने भागा, किलो येतात. एक मीटरचा जिताडा बारा किलोच्या आसपास असतो, त्यावरून हा आकडा बसवलेला आहे. तुमचे ८६ घालू. ८६ चा घन ६,३६,०५६. भागाकार साधारण ७.५. म्हणजे साडेसात किलो.

आता तुम्ही क्वालिटीचे आहात म्हणून हेही सांगते. लांबीत जेवढे टक्के चूक, वजनात त्याच्या तिप्पट. दोन सेंटिमीटर म्हणजे सव्वादोन टक्के, वजनात सात टक्के, अर्धा किलो. तेव्हा वडिलांना सात ते आठच्या मध्ये असं सांगा. ते प्रामाणिक उत्तर आहे. मासा खूप भरलेला असेल तर थोडा वर जाईल, खंगलेला असेल तर खाली. बारा मात्र होणार नाही, त्याला मासा एक मीटरचा हवा. आणि पाच किलोचा जिताडा ७५ सेंटिमीटरचा असतो. अकरा सेंटिमीटरची चूक तुमच्या हातून होणार नाही.

घेर मिळाला तर आणखी नेमकं जमतं. पाठीवरच्या पहिल्या पराच्या जरा पुढे, अंगाच्या सगळ्यात जाड जागी शिंप्याची टेप फिरवायची. लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले २९,०००. सगळं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. परदेशात इंच आणि पौंडांत हेच सूत्र ८०० ने भागून करतात, तेच आपल्या मापात आणलं आहे. यात माशाची तब्येत आपोआप येते, म्हणून जात ओळखू आली नाही तरी चालतं. फार लांबुळक्या माशाला मात्र हे जरा जास्त वजन दाखवतं.

तुम्ही तो सोडलात याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. जिताडा नर म्हणून वयात येतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हा बदल बऱ्याच ठिकाणी ८० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान होताना आढळतो. म्हणजे मोठे जिताडे जवळजवळ सगळे माद्या. तुमचा मासा त्याच उंबरठ्यावरचा होता. तो खाडीच्या मुखाशी होता यालाही अर्थ आहे. जिताडा अंडी खाऱ्या पाण्यात, मुखाजवळ घालतो, आणि पिल्लं आत निमखाऱ्या, गोड्या पाण्याकडे सरकतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंटिमीटरच्या खालचा जिताडा ठेवता येत नाही आणि १२० च्या वरचाही नाही. वरची मर्यादा या माद्यांसाठी आहे. आपल्याकडे केरळने २०१५ मध्ये माशांच्या किमान आकाराचे नियम केले, महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी केले. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं काम या आकारांच्या मागे आहे. ती यादी एकदा वाचून पिशवीत ठेवा. गरीला काय लागेल हे आपल्या हातात नसतं, काय ठेवायचं ते असतं, आणि त्यासाठी टेप लागते.

---

देवळालीकर यांचं उत्तर

मॅडमनी सूत्र दिलं, मी हत्यारांचं सांगतो. मी निवृत्त आहे, हर्णैपासून बोर्डीपर्यंत पंधरा वर्षं गरवतो आहे.

रॉडवरच माप करून टाका. बुडापासून दर दहा सेंटिमीटरला पांढऱ्या धाग्याची एक गुंडाळी, पन्नासला लाल, वर वार्निशचा हात. अंधारात बोटाला लागते, टॉर्चसुद्धा नको. बुडाच्या टोपीला एक छोटी आडवी फळी रबराने अडकवता येईल अशी करा, म्हणजे नाक भिडलं का हा प्रश्नच राहणार नाही. तुमच्या कारखान्यात ती दहा मिनिटांत होईल.

काट्याबद्दल. हातात धरायचे डिजिटल काटे स्वस्तात मिळतात आणि ओल्या हवेत वर्षभरात बिघडतात. एका दुकानातून घेतलेला माझा पहिला काटा पहिल्या दिवसापासून तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. आठ महिने मी मित्रांना चुकीची वजनं सांगत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं. आता निघायच्या आदल्या रात्री बाटलीत मापाने बरोबर दोन लिटर पाणी भरून ती टांगतो. एक लिटर पाणी एक किलो, वर रिकाम्या बाटलीचं जे असेल ते. मग दोन बाटल्या एकत्र. दोन्ही वेळा बरोबर आलं तरच काटा पिशवीत जातो. मासा कधीही कल्ल्याने टांगायचा नाही. कांद्याच्या जाळीदार गोणीची झोळी शिवा, मासा आडवा राहतो. गोणी आधी भिजवायची, काट्याला लावून शून्य करायचं, मग मासा. कोरड्या कापडाने अंगावरची बुळबुळ निघते आणि सोडलेला मासा नंतर मरतो.

फोटोवरून माप काढायचं असेल तर रीळ माशाला चिकटून, त्याच्याच पातळीवर ठेवा आणि मोबाईल बरोबर वरून धरा. हात पुढे करून धरलेल्या माशाच्या फोटोवरून मी कुणालाच वजन सांगत नाही. मासा तुमच्या चेहऱ्यापेक्षा कॅमेऱ्याच्या निम्म्या अंतरावर आला की तो दुप्पट दिसणारच.

जागा शोधायला गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडा आणि जुन्या तारखांची चित्रं मागे मागे बघत जा. एखादं तरी ऐन ओहोटीत घेतलेलं सापडतं. त्यात खाडीचा खोल पाट कुठून वळतो, वाळूचा दांडा कुठे आहे, सगळं उघडं पडलेलं असतं. नाशिकला घरी बसून हे होतं.

शिंगाळा लागला तर परांच्या काट्यापासून हात लांब ठेवा. पाकटाचं शेपूट तर आणखी वाईट. काटा लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, ठणका कमी होतो, आणि तडक डॉक्टर गाठायचा. मी थर्मासमध्ये चहा नेत नाही, नुसतं गरम पाणी नेतो.

---

अंबडचा गरीवाला यांचं उत्तर

तिघांचेही खूप खूप आभार. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण सगळं करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

ताई, कॅलेंडर काढलं. ती दशमीच होती. दहा पाऊण साडेसात. मासा सात-दहाला लागला, म्हणजे भरतीचा शेवटचा अर्धा तास. मी जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटं नुसता त्या तारखेकडे बघत बसलो. पाऊणकी आता मुलीलाही शिकवतो आहे, तिची पंधरापर्यंत पाठ झाली. १५५४ नंबर माझ्या आणि मित्राच्या दोघांच्या मोबाईलमध्ये आहे.

देवळालीकर साहेब, टोपीची फळी नायलॉनच्या तुकड्यातून केली. रॉडला धागे बांधले. काटा तपासला, दोन लिटरला तो नव्वद ग्रॅम कमी दाखवतो, चार लिटरला एकशे ऐंशी. म्हणजे चूक सारख्या प्रमाणात वाढते आहे, काट्यावर पट्टी चिकटवून तसं लिहून ठेवलं.

गेल्या शनिवारी नवमीला त्याच खाडीवर गेलो. भरती पाऊणकीने पावणेसात, मुखाशी पाणी थांबलं सात वाजून पाच मिनिटांनी. वीस मिनिटांचा फरक वहीत लिहिला. यावेळी जिताडा लागला तो लहान. नाक फळीला भिडवलं, शेपटी ४७ वर. टेपने घेर २७. ओल्या झोळीत काट्याने दुरुस्तीसकट १.२ किलो दाखवलं. घरी येऊन मांडलं. ४७ चा घन भागिले ८५,०००, १.२२. लांबी-घेराच्या सूत्राने १.१८. मॅडम, मी सतरा वर्षं गेज तपासतो आहे. तीन वेगळ्या वाटांनी आलेली रीडिंग इतकी जुळली की काय वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको. तोही सोडला, अजून लहान होता.

वडिलांना सांगितलं. साडेसात किलो, अर्धा किलो इकडेतिकडे, आणि मादी होण्याच्या बेतात. त्यांनी सूत्र कागदावर लिहून मागितलं. मग कपाटातून त्यांची जुनी वही काढायला लावली. गंगापूर धरणावर त्यांनी धरलेला एकेक मासा त्यात आहे, तारखेसकट. मला ही वही माहीत होती, पण ती कधी नीट वाचली नव्हती. त्यात सेंटिमीटर कुठेच नाहीत. "कटला, चार विती दोन बोटं." "मरळ, अडीच विती." सगळं त्यांच्या हाताच्या मापात.

मी त्यांचा हात टेबलावर ठेवून घेतला आणि टेप लावली. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत २०.८. ते म्हणाले, आता बोटं पूर्ण ताणली जात नाहीत, तेव्हा जास्त असेल. एक उपाय सापडला आहे. गंगापूरला नेत असत तो बांबूचा दांडा अजून माळ्यावर आहे, आणि त्यावर त्यांनी स्वतःच्या वितीच्या खुणा कोयत्याने पाडलेल्या आहेत. रविवारी तो खाली काढतो. चार खुणांची सरासरी घेतली की त्या वेळची वीत मिळेल.

मॅडम, त्यानंतर मला कटल्याचा आणि मरळीचा अ आणि ब लागेल. फिशबेसवर कटल्याच्या बऱ्याच ओळी आहेत, काही तळ्यांतल्या, काही नद्यांतल्या. धरणातल्या माशाला त्यातली कोणती धरावी? वहीत एकूण ६१ मासे आहेत.